एका किड्यासाठी जत, वडूज, वाई

वाईला मी आजवर चार वेळा गेलो. तीनदा लग्नाला, एकदा दहाव्याला. या वेळी गेलो ते किडा बांधायला. आमच्या गावात हे कुणाला तोंडी सांगितलं तर तो आधी माझ्या तोंडाचा वास घेतो, म्हणून लिहूनच काढतो. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढची अक्षरं पलटणीत गिरवली. चूकभूल दिसली तर मास्तरांनी घरी यावं. चहा पाजीन, दुरुस्ती करू देणार नाही.

किडा म्हणजे काय ते आधी सांगतो. फौजेत असताना काश्मीरकडं मी एका साहेबाच्या हाताखाली होतो. साहेबाला मासे धरायचा नाद. पण आपल्यासारखं गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून नाही. ओढ्यातल्या दगडांच्या पोटाला बारके किडे चिकटून असतात. पुढं त्यांना पंख फुटतात आणि ते उडून जातात. पंख फुटायच्या आधीच्या त्या किड्याला साहेब निंफ म्हणायचा. गळावर लोकर, पिसं आणि तांब्याची तार गुंडाळून त्याची नक्कल करायची, पाण्याच्या तळातून ती वाहवत सोडायची, आणि मासा ती खरी समजून गिळतो. हे गळ बांधायचं काम माझ्याकडं. दोन उन्हाळे मी दुसरं काही केलं नाही. साहेब म्हणायचा, तुझी बोटं सोनाराची आहेत. हे वाक्य मी घरात पन्नास वर्षं ऐकवतोय.

आता भांडणाचं मूळ. दिवाळीत आमच्या गावाखालच्या कृष्णेत गळाची काठी घेऊन उभा होतो आणि शेवाळावरून घसरलो. गुडघाभर पाणी. एक चप्पल वाहून गेली, बाकी सगळा मी परत आलो. पण आमच्या मंडळीनं पुण्याला फोन लावला आणि सांगता सांगता नदीला पूर आणला. मंडळी म्हणजे ती एकटीच, नाव द्वारका. बोलायला लागली की मंडळी वाटते. आमचा मुलगा संपत दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात.

"आबा, एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याला हे भिंग. आता काठी ठेवा."

"डोळ्याचा काय संबंध? मासा बोटाला कळतो."

"सुईत दोरा तरी ओवतोय का तुमच्यानं?"

"दोऱ्याचं काय घेऊन बसलास. साहेबाचा निंफ बांधून दाखवतो, आन त्याच्यावर मासा धरून दाखवतो."

"सोताच्या हातानं? आईची मदत न्हाई, कुणाची न्हाई?"

"न्हाई."

"मग धरला तर काठी तुमची. न्हाई तर मी पुण्याला न्हेतो."

पुण्यात काठीनं तो काय करणार होता, पडदे लावणार होता काय कोण जाणे. पण ती काठी साहेबानं जाताना मला दिलेली. पेन्शनीचं पुस्तक मागितलं असतं तर दिलं असतं. तरी मी हो म्हणून बसलो, कारण नाही म्हणायला मला जमत नाही. हरायला तर त्याहून जमत नाही.

तयारी केली. तार सांगलीच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून, केसासारखी. ब्लाऊज शिवायचं काळं रीळ. गाठीवर लावायला सुनेची नखं रंगवायची बाटली. आणि एक वस्तू देवघरातून, तिच्याबद्दल पुढं येईल. लोकर राहिली, ती जतला. कोंबड्याचं पीस राहिलं, ते वडूजला. आणि पाणी राहिलं. आमच्याकडं नदीला बंधारे, पाणी म्हशीसारखं बसलेलं. या किड्याला दगडावरून पळणारं, स्वच्छ पाणी लागतं. म्हणून वाई. संक्रांत झाली आणि निघालो.

"मी येणार," द्वारका म्हणाली. "वाईच्या गणपतीला जायचं हाय. आन तुमी बुडाला तर सांगाय कोणतरी पायजे."

जत

पंच्याहत्तरी ओलांडली की एसटीत तिकीट नाही. कंडक्टर म्हणाला, "आबा, आधार कार्ड." मी म्हटलं, "ह्या तोंडाकडं बघून अजून पुरावा लागतो?" तो म्हणाला, "तोंड सगळ्यांचंच तसं झालंय, कार्ड काढा."

जतच्या पुढं द्वारकेचं माहेर. तिथं माझ्या हातून पहिली चूक झाली. सकाळी मेव्हण्याच्या बायकोनं अर्धी बादली पाणी ठेवलं. मी नदीकाठचा माणूस, तीन तांब्यांत ते संपवलं आणि साबण अंगावर तसाच ठेवून हाक मारली, "आणखी आणा." आमच्याकडं आंघोळीचं पाणी कुठं जातं हे कुणी बघत नाही. इथं ज्या दगडावर मी बसलो होतो त्याला खाच पाडलेली, आणि माझं पाणी त्या खाचेतून थेट कढीपत्त्याच्या बुडात चाललेलं. टँकर परवा येणार होता. दुसरी बादली आली, पण ती आणताना द्वारकेनं माझ्याकडं असं बघितलं की साबण आपोआप निघाला. जेवायला कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. कढीपत्त्याची आमटीही होती. चव चांगली होती. दोनदा घेतली.

दुपारी बिराप्पाच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे मेंढरांचा, काटेरी फांद्यांचं कुंपण. बिराप्पा माझ्याच वयाचा, डोक्याला पिवळं मुंडासं.

"येन बेक्री?" त्यानं विचारलं, म्हणजे काय पाहिजे.

द्वारका कानडीत बोलू लागली. कानडी बोलताना ती दुसरीच बाई होते, हात जास्त हलतात. दोघं माझ्याकडं बघून बराच वेळ हसले.

"काय म्हणालीस?"

"लोकर पायजे म्हटलं."

एवढ्या दोन शब्दांत एवढं हसू मावत नाही, पण माझ्याकडं पुरावा नव्हता.

बिराप्पानं एक कोकरू ओढलं. पहिल्या कातरणीची लोकर, तिला जावळ म्हणतात, लय मऊ. मी चिमूट दाखवली. "एवढीच बास."

"एवढ्यात घोंगडं कुणाला करताय, मुंगीला?"

"मासा धरायचाय."

बिराप्पानं चारी बाजूंना बघितलं. ज्वारीची ताटं, बाभळी, धूळ. "मासा? टँकरमधनं येतोय व्हय?"

मी साहेबाच्या किड्याचा रंग सांगितला, तपकिरी. त्यानं कानामागची तपकिरी चिमूट कातरली. मग न विचारता एक काळी आणि एक राखाडीही कातरली.

"मला तपकिरीच पायजे."

"असू द्या पावणं. रंग घरी बसून ठरवू नये."

मेंढपाळानं मला माशाबद्दल शिकवावं हे मला पटलं नाही. मी हात मागं घेतला. द्वारकेनं तिन्ही चिमटी पदराच्या टोकाला तीन गाठींत बांधल्या.

वडूज

वडूजजवळ शामराव राहतो. माझ्याच कंपनीतला, काश्मीरला माझ्या शेजारच्या खाटेवर घोरायचा. त्याच्याकडं गावरान कोंबडे आहेत, त्यातला एक तांबडा, मानेवर पितळेसारखी पिसं. मला त्यातली दोन हवी होती. शामराव म्हणाला, "धर आन घे."

दोन म्हातारे एका कोंबड्यामागं अंगणात अर्धा तास फिरले. द्वारका आणि शामरावाची सून ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. शेवटी कोंबडा स्वतःच टोपल्याखाली गेला, बहुधा आमची लाज वाटून. पिसं घेताना त्यानं शामरावाच्या अंगठ्याला चोच मारली. मालकाला मारली, पाहुण्याला नाही. ह्या खटाव तालुक्याचा कोंबडासुद्धा रीत पाळतो.

हुलग्याचं माडगं प्यालो आणि ओट्यावर बैठक मारली. पक्कडीच्या तोंडात गळ धरायचा, पक्कडीच्या मुठीला रबर गुंडाळायचं, म्हणजे ती आपोआप आवळून बसते. पक्कड दोन गुडघ्यांत. आधी गळाच्या दांड्यावर दोरा, वेढ्याला वेढा लावून. मागं शेपटीला पिसाची तीन कुसं, म्हणजे पिसाचे केस. तार अडकवून सोडून द्यायची. मग लोकर दोऱ्यावर पिळायची, वात वळतो तशी, आणि गुंडाळत पुढं यायचं, मागं बारीक, छातीशी जाड. वरून तारेचे पाच वेढे. छातीखाली पिसाच्या कुसांचे पाय. पाठीवर चकाकता पट्टा, तो मी तारेचाच केला, कारण देवघरातली वस्तू द्वारकेसमोर काढायचं धाडस झालं नाही. शेवटी गाठ आणि गाठीवर आमच्या सुनेचा नखांचा रंग.

सांगायला ही दहा मिनिटं. मला दुपार लागली. दोरा पाच वेळा तुटला, गळ दोनदा बोटात गेला. डोळ्याला गळाच्या जागी धुकं दिसत होतं, म्हणून मी डोळे मिटूनच बांधलं. द्वारका दोन हात लांब शिवण घेऊन बसली होती. सुई तिच्या हातात, दोरा तिच्या हातात, पण एक शब्द बोलली नाही. अटच तशी होती.

झाला. तपकिरी, गुबगुबीत, साहेबाच्या डबीत असायचा तस्साच. शामरावानं तो तळहातावर घेतला.

"व्हय रं, त्योच. पर साहेबाला तरी ह्याच्यावर कवा मासा घावला?"

"दोनदा."

"एकदा. आन त्यो बी तिथल्या हमालानं हातानं धरून दिलेला. रोज सांजच्याला रिकामी पिशवी घेऊन यायचा, मग मेसचा कोंबडा. इसरलास?"

"साहेब घाईचा होता. किड्याची चूक न्हवती."

"आन त्यो किडा तिथल्या पाण्यातला. आपल्याकडं कुठनं आला?"

"किडा म्हणजे किडा."

"मग म्हस म्हणजे म्हस, आन जर्सी बी म्हसच," शामराव म्हणाला.

त्या दिवशी मी त्याच्याशी नंतर बोललो नाही. रात्री त्यानं अंथरूण घातलं तेव्हाही नाही. सकाळी एसटी आली तेव्हा तो म्हणाला, "धर मासा, गड्या." मी खिडकीतून मान हलवली. तेवढं बास होतं.

वाई

उतरलो एका भक्तनिवासात. भिंतीवर पाटी: मांस, मच्छी, मद्य वर्ज्य. काठी मी फडक्यात गुंडाळून छत्री म्हणून आत नेली. व्यवस्थापकानं विचारलं, "एवढी लांब छत्री?" द्वारका म्हणाली, "आमच्याकडं पाऊस लांबनं येतोय." अशा वेळी ती माझी असते.

घाटावर मासे बघितले. भाविक लाह्या आणि कणकेच्या गोळ्या टाकतात, आणि मासे तोंड उघडून पायरीला लागतात. एकेक पोट सुटलेला. कामधंदा नाही, मान मोठा. माझ्या मनात आलं ते मी सांगत नाही, पण द्वारकेनं ओळखलं आणि माझा दंड धरला. घाटावरचा मासा धरत नाहीत, हे मलाही कळतं.

म्हणून वरच्या अंगाला गेलो, जिथं पाणी दगडावरून खळाळतं. पहिल्या दिवशी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत किडा सोडला. दोर वरच्या बाजूला टाकायचा, किडा तळाला बसू द्यायचा, आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यायचा. बोटावर दोर. ठोका लागला की उचलायचं. दगडाचे ठोके लागले, शेवाळाचे लागले, एक पोरीचा हेअरबँड लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. द्वारका काठावर बसून जपमाळ ओढत होती. कधीकधी विचारायची, "गेला का अजून हाय?" म्हणजे किडा. किडा अजून होता. मासा त्याच्याकडं बघतही नव्हता.

तिसऱ्या दिवशी संकष्टी. संपतनं सांगितलेली मुदत नव्हती, पण भक्तनिवासात तीनच दिवस राहू देतात. द्वारका पहाटे दर्शन करून आली, तिला उपास, मी साबुदाण्याची खिचडी खाऊन पुन्हा पाण्यात. त्या वळणावर एक भोईण रोज जाळं धुवायला यायची. तान्हूबाई. वय माझ्यापेक्षा जास्तच असेल, पण दगडावरून बकरीसारखी चालायची. दोन दिवस तिनं मला बघून घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही.

"बाबा, गळाला काय लावलंय?"

"लोकर."

"मासा काय स्वेटर घालतोय व्हय?"

काठावर द्वारका हसली. जपमाळ चालू ठेवून हसली.

मी गळ दाखवला. सगळं सांगितलं, काश्मीर, साहेब, दगडाखालचा किडा. तान्हूबाईनं ऐकून घेतलं. मग वाकली, पाण्यातला एक थाळीएवढा दगड उचलला आणि उलटा करून माझ्या नाकासमोर धरला.

"मंग ह्यो काय?"

मी बघितलं. दगड दिसला. ओला दगड. बाकी काही नाही.

"कुठं काय हाय?"

"आवं हे काय, पळतंय की."

मी चष्मा पुसला. जवळ घेतला, लांब धरला, ऊन पाठीशी घेतलं. दगड. पन्नास वर्षं मी सोनाराच्या बोटांची गोष्ट सांगत होतो, आणि माझ्या स्वतःच्या नदीतला किडा नाकापुढं चालत होता तो मला दिसत नव्हता. आणि खरं सांगायचं तर त्याआधी, डोळे धड असताना, मी एकदाही दगड उलटा करून बघितला नव्हता. कशाला बघायचं? साहेबाचा किडा मला पाठ होता.

तान्हूबाईला बाजाराची घाई होती. दगड माझ्या हातात देऊन ती गेली. मी तो धरून उभा राहिलो. फेकावा असं वाटलं. फेकला असता तर काठी पुण्याला गेली असती.

"द्वारके," मी म्हटलं, "जरा हिकडं ये."

ती आली. लुगडं खोचून पाण्यात उतरली, जी बाई आमच्या घाटावर पायरी सोडत नाही. दगडावर वाकली.

"काय दिसतंय सांग."

"सांगू? आन अट?"

"सांग म्हटलं न्हवं."

ती बघत राहिली. मग सांगू लागली, आणि तिनं जे सांगितलं ते मला साहेबानंही कधी सांगितलं नव्हतं. "चपटा हाय. तिळापेक्षा थोडा मोठा. मागं तीन शेपट्या, ताणलेल्या. रंग... तपकिरी न्हाई. चुलीतल्या राखंचा, पर वल्या राखंचा. पाठीवर काळा ठिपका, चकाकतोय. पाय सहा. लय जोरात पळतोय."

काठावर बसलो. साहेबाचा किडा पक्कडीत धरला आणि ब्लेडनं कापला. तार सुटली, तपकिरी लोकर वाऱ्यानं गेली. द्वारकेनं पदराची राखाडी गाठ न विचारता सोडून पुढं केली. बिराप्पाला तेव्हा मनातल्या मनात एक चहा कबूल केला.

बारका गळ घेतला. बोटं माझी, बोलणं तिचं.

"लय जाड झाला. ह्यो किडा हाय का गाभण म्हस?"

उसवला.

"आता बरा हाय. शेपट्या फाकवा. तीन म्हटलं हुतं, ह्या चार हायत."

एक तोडली.

"पाठीवर चकाकणारं काय घालणार?"

मी खिशातून कागदाची पुडी काढली. मोरपिसाची चार कुसं. देवघरातली वस्तू ती हीच. मुरलीधराच्या मुकुटामागच्या पिसाची, मी मागनं उपटली होती, पुढनं दिसू नये म्हणून.

ती पुडीकडं बघत राहिली. मी शिव्यांची वाट बघितली.

"देवघरातल्या पिसाला टक्कल पडलंय ते मला संक्रांतीलाच कळलंय," ती म्हणाली. "आता आणलंयच तर घाला. हिरवी बाजू वर."

दुपार कलली तेव्हा किडा पाण्यात गेला. पहिला फेरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला दोर थांबला. दगडाचा ठोका नव्हे, शेवाळाचा नव्हे. कुणीतरी दाराची कडी आतून हळूच लावावी तसा. मी उचललं आणि काठी वाकली.

कोळशी मासळी निघाली. वीतभर. मी वीत म्हणतो, द्वारका चार बोटं म्हणते. रुपेरी, ओठाच्या कडेला आमचा किडा. मी पाण्यात उभ्याउभ्या कुणाला तरी सलाम केला, साहेबाला का बिराप्पाला ते ठरवलं नव्हतं.

"सोडा," द्वारका म्हणाली.

"काय?"

"आज संकष्टी. मला उपास, भिंतीवर पाटी, आन दर्शन करून आलोय. सोडा."

"आगं, संपतला दाखवायचाय. पुरावा."

"फोटू काढा."

माझा फोन बटणांचा. त्यात फोटो निघत नाही हे तिला माहीत होतं. मासा माझ्या मुठीत तोंड उघडत होता. मी वाकलो, मूठ पाण्यात उघडली. गेला, मागं वळूनही न बघता.

तिथूनच पुण्याला फोन लावला. "धरला," मी म्हटलं. "कोळशी. वीतभर."

"कुठाय?"

"सोडला."

संपत हसला. त्याच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो. मग म्हणाला, "आईला द्या."

पूर आणणारी तीच आणि आता साक्षीदारही तीच. फोन तिच्याकडं देताना मी काठी पुण्याला गेली असं समजूनच दिला. खोटं बोल असं मी म्हणणार नव्हतो.

"व्हय, धरला," ती म्हणाली. "चार बोटं हुता... एकट्यानं? न्हाई बाबा. मी सांगितलं तसं बांधलं म्हणून घावला. त्यास्नी किडा दिसतच न्हवता."

मी नदीकडं बघत उभा राहिलो. पलीकडून संपत बराच वेळ बोलत होता.

"काठी कशाला न्हेतोस?" द्वारका म्हणाली. "घरात बसवून त्येंचं काय लोणचं घालू? मी जाणार हाय संगं. मोतीबिंदूचं आपरेशन शिमग्यानंतर करून घेणार हायत, कबूल झालेत."

मी कबूल झालो नव्हतो. मला कुणी विचारलंही नव्हतं. पण हात पुढं करून मी काठी फडक्यात गुंडाळायला घेतली, आणि त्याला नाही म्हणणं म्हणत नाहीत.

परत येऊन महिना झाला. बंधाऱ्याच्या खाली, जिथं थोडं पाणी पळतं, तिथं आम्ही दोघं जातो. ती दगड उलटे करते, मी बांधतो. तिच्या ध्यानात आलंय की आमच्याकडचा किडा वाईच्या किड्याहून थोडा पिवळा आहे, त्यामुळं जतला पुन्हा जावं लागणार. साहेबाच्या हाताखाली दोन उन्हाळे काढले, त्यानं कधी एवढ्यांदा उसवायला लावलं नव्हतं. काल एक बांधून तिच्या तळहातावर ठेवला. मला तो उत्तम वाटत होता. तिनं उन्हात धरला, आडवा केला, उभा केला.

"पाचच पाय हायत. सहावा कुठाय?"

उसवला.